इवली कुणाची

१२ जून १९९५

केतकी आज बडोद्याला गेली, हॉस्टेलवर. स्टेशनवरून परत आले आणि सवयीने दोघींचे तांदूळ धुवायला घेतले. मुकुंदना बदलीवर राजकोटला जाऊन वर्ष होत आलं. बँक म्हणते, पुढच्या खेपेला सुरत परत देऊ. बँक दर खेपेला तेच म्हणते.

दुपारी विशाखा आली म्हणून बरं झालं. उधन्याच्या शिवणवर्गात ती शिकवायची आणि मी शिकायचे, तिथली ओळख. वर्ग बंद पडला तरी ती भेस्तानहून माझ्याकडे येत राहिली. माझ्याकडे मशीन ठेवायला जागा आहे, तिच्या हातात कसब आहे. दोघींनी मिळून तान्ह्या मुलांचे कपडे करायचं ठरवलंय. झबली, टोपडी, दुपटी. सुरतेत कापडाला तोटा नाही, पण जिथे बघावं तिथे सिंथेटिक. विशाखाने कुठून तरी मऊ मलमलीचे तुकडे वजनावर आणले आणि दोनदा धुऊन घेतले. शिवण ती बाहेरच्या बाजूला टाकते. बाळाच्या अंगाला दोरा टोचू नये म्हणते. मला हे कधी सुचलं नसतं.

पहिलं टोपडं झालं तेव्हा तिने ते मुठीवर चढवून पाहिलं. म्हणाली, "केवढं इवलं दिसतंय, ताई." मी म्हटलं, झालं, नाव मिळालं. इवली.

२० जुलै

भागळला चेतनभाईंचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. आम्ही दोघी पिशवी घेऊन गेलो. ते आधी हसले, मग झबल्याची शिवण उलटसुलट करून बघत बसले. ठेवून जा म्हणाले. बोलायचं सगळं मी बोलले. विशाखा माझ्या मागे उभी राहते आणि कापडाबद्दल कोणी विचारलं तरच तोंड उघडते. परतताना ती म्हणाली, ताई, तुम्ही नसता तर मी त्या दुकानाची पायरी चढले नसते. मला फार बरं वाटलं. आपल्यामुळे कुणाचं काही होतंय असं वाटायला किती वर्षं लोटली होती.

१८ सप्टेंबर

माल विकला जातोय. चेतनभाईंचा निरोप आला, अजून द्या. सिव्हिलच्या बाळंतीण वॉर्डातल्या नर्सबाईंनी तर परस्पर मागवला.

लिंबायतमध्ये एकाच्या मागावर लेबलं विणून मिळतात. विशाखाने तो माणूस शोधला, मी अक्षर काढून दिलं. पांढऱ्यावर निळं 'इवली', आणि शेजारी गोलात आर. मोठ्या कंपन्यांच्या बनियनवर असतो तसा. त्याने शोभा येते.

विशाखा दुपारी माझ्याकडेच जेवते. आज भाजीत मीठ जास्त पडलं तर म्हणाली, "तू लक्ष कुठे ठेवतेस गं?" आणि मग जीभ चावली. मी म्हटलं, असू दे, तूच म्हणत जा. या घरात मला कोणी तू म्हणेनासं झालं होतं.

२५ ऑक्टोबर

दिवाळीला मुकुंद आणि केतकी दोघंही आहेत. घर भरलंय. केतकीला विशाखामावशी आवडली, दोघी शंकरपाळे तळताना खिदळत होत्या. ती गेल्यावर मुकुंदनी तिचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. 'हं' म्हणाले आणि पेपर उघडला. मी शंकरपाळ्यांचा डबा बंद केला. सणाच्या दिवसांत कशाला विषय.

१ नोव्हेंबर

सगळे गेले. फराळाचे डबे तसेच भरलेले आहेत.

९ फेब्रुवारी १९९६

आज डोकं ठिकाणावर नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी नातवासाठी झबलं आणलं होतं, त्या तावातावाने वर आल्या. बाळाच्या मानेवर लाल चट्टे. बघते तर झबल्यावर 'इवली', आमच्यासारखीच निळी अक्षरं. कापड मात्र चकचकीत, सिंथेटिक, शिवण आत. हे आमचं नव्हे म्हणून मी शपथेवर सांगितलं. त्यांना पटलं असं दिसलं नाही.

तशीच भागळला गेले. चेतनभाईंच्या दुकानात एका बाजूला आमचा माल आणि दुसऱ्या बाजूला तो ढीग. त्यांनीच बनवून घेतलाय. मी विचारलं तर चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, "बेन, नाम उपर कोईनी मालिकी थोडी होय?" म्हणजे नावाचा काय कोणी मालक असतो का. खरंच, असतो का?

विशाखाला सांगितलं तर ती सरळ उठली, उद्या मी जाऊन ती लेबलं उसवून येते म्हणाली. तिला खाली बसवलं. असं करून चालत नाही.

१५ फेब्रुवारी

मुकुंदनी फोनवर जरीवाला वकिलांचं नाव दिलं. नानपुऱ्यात कचेरी आहे. एकटीच गेले. विशाखाचा अख्खा दिवस कशाला बुडवायचा.

वकील वयस्कर आहेत, सावकाश बोलतात, मराठी कळतं. त्यांनी लेबल हातात घेतलं आणि आधी बोट त्या गोलातल्या आरवर ठेवलं. नाव सरकारदरबारी नोंदवलेलं आहे का? नाही. मग हा आर काढा, नोंदणीशिवाय तो लावणं गुन्हा आहे. मी चोरावर तक्रार करायला गेले आणि पहिला गुन्हा माझाच निघाला. टीएम लिहा म्हणाले, त्याला कोणी अडवत नाही.

मग मी मनातलं सगळं विचारून घेतलं. नोंदणी नाही म्हणजे नाव आपलं नाही का? तसं नाही. बाजारात आधी कोण उतरलं ते बघतात. तुमच्या नावावर कोणी स्वतःचा माल खपवत असेल, गिऱ्हाईक फसत असेल, तर नोंदणी नसतानाही थांबवता येतं. पण दर वेळी पहिल्यापासून सिद्ध करत बसावं लागतं. नोंदणी असली की कागद बोलतो. अर्ज अहमदाबादच्या कचेरीत जातो. तिथे तपासतात, शंका काढतात, मग सरकारी जर्नलमध्ये छापतात. छापल्यावर तीन महिने कोणीही हरकत घेऊ शकतं. कोणी घेतली नाही तर नाव तुमचं. या सगळ्याला काही वर्षं लागतील.

नाव कोणाला सुचलं, ते पुढे कोणी विचारेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सुचण्याला यात किंमत नाही. नाव लावून माल कोणी विकला, ते महत्त्वाचं. हे ऐकून का कोण जाणे, हलकं वाटलं.

शेवटी त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, अर्ज कोणाच्या नावाने? एकट्या आहात की बरोबर कोणी आहे? दोघी असाल तर भागीदारीचा साधा कागद करून फर्मच्या नावाने अर्ज टाकता येतो, किंवा दोघींच्या नावाने.

मी म्हटलं, एक बाई आहे शिवायला.

असंच तोंडातून गेलं. एवढं सगळं समजावत बसायचं म्हणजे पाल्हाळ झालं असतं. बोलायचं, धावपळ करायची सगळी मीच करते, हे काही खोटं नाही.

१६ फेब्रुवारी

मुकुंदना सांगितलं. म्हणाले, बरोबर केलंस. कागदावर एकच नाव असलेलं बरं, उद्या तिच्या नवऱ्याला काही सुचलं तर? श्रीपत रेल्वेत आहे, गरीब स्वभावाचा, त्याला काय सुचणार. पण मुकुंदना या गोष्टी जास्त कळतात.

विशाखाने लेबलांची ती आरवाली कड दुमडून आत शिवायला घेतलीय. नवीन विणून घेऊ म्हटलं तर नको म्हणाली, चांगली लेबलं टाकवत नाहीत.

२२ मार्च

वकिलांची नोटीस गेली आणि चेतनभाईंनी तो ढीग उचलला. मुकाट्याने. आमचाही माल परत पाठवला, तो भाग वेगळा. विशाखा पेढे घेऊन आली. मला म्हणाली, "जिंकलीस की गं." दोघी गॅलरीत बसून तापीकडे बघत राहिलो. अर्ज कोणाच्या नावाने आहे ते सांगायचं राहून गेलं. तिनेही विचारलं नाही. एवढी खूश होती, मध्येच कागदपत्रं कुठे काढायची.

१४ एप्रिल

विशाखाने आज जेवायला बोलावलं होतं, बाबासाहेबांची जयंती. त्यांच्याकडे फार मोठा सण. जायचं मनात होतं. पण ऊन फार होतं आणि भेस्तान म्हणजे दोन रिक्षा बदलायच्या. दिवसभर घरीच होते. दूरदर्शनवर काही धड नव्हतं.

१५ एप्रिल

ती डबा घेऊन आली. पुरणपोळी आणि कटाची आमटी. मी म्हटलं, संध्याकाळी खाईन. संध्याकाळी भूक नव्हती. पोळी कामवालीला दिली.

३० ऑगस्ट

चेतनभाईंवाचून अडलं नाही. अठवा लाइन्सला आमच्या बिल्डिंगच्या खालीच एक गाळा मिळाला. पाटीवर 'इवली' आणि खाली लहान अक्षरांत 'प्रो. अरुणा मुकुंद टिपरे'. पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, प्रोप्रायटर कोण लिहू? त्या घाईत दुसरं काय सांगणार.

विशाखाने पाटी वाचली. बराच वेळ. मग म्हणाली, अक्षर छान आलंय.

मदतीला लिंबायतची धुरपदाबाई ठेवलीय, काज-बटणाला. अमळनेरकडची, घरच्यासारखी अहिराणीत बोलते. आता तिला आणि विशाखाला, दोघींनाही नगावर पैसे देते, म्हणजे हिशेब सुटसुटीत राहतो. मुकुंदनी तसं बसवून दिलं.

७ नोव्हेंबर

विशाखा कधी नव्हे ते अडखळत बोलली. श्रीपत म्हणतो, एकदा भागीदारीचा कागद करून घ्या, दोघींनाही बरं. मी म्हटलं, अगं, आपल्यात कागद कशाला? तू मला परकी समजतेस का? ती लगेच म्हणाली, नाही नाही, तसं नाही. विषय संपला. मला जरा वाईटच वाटलं. मैत्रीत माणसं कागद कशी आणतात.

१२ डिसेंबर

जरीवालांचा फोन. अहमदाबादहून शंका आलीय. इवली म्हणजे मराठीत लहान. लहान मुलांच्या कपड्यांना लहान म्हणणं हे नाव नव्हे, वर्णन आहे, कोणीही म्हणेल, असं त्यांचं म्हणणं. यावर उपाय म्हणजे हा शब्द उच्चारला की लोकांना आमचाच माल आठवतो, हे दाखवायचं. दोन-चार जणांचं प्रतिज्ञापत्र हवं. एखादं गिऱ्हाईक, आणि पहिल्यापासून काम करणारी ती बाई, तिलाही आणा म्हणाले.

विशाखा लगेच तयार झाली. नावासाठी आहे म्हटल्यावर तिने पुढचं विचारलंच नाही.

१७ डिसेंबर

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते, कारण काय झालं ते मलाच नीट कळलेलं नाही.

विशाखा ठेवणीतली साडी नेसून आली होती. रिक्षात मजेत होती. नानपुऱ्याला जरीवालांनी आम्हाला समोर बसवलं, पाणी दिलं. मी माझं सांगितलं. मग ते तिच्याकडे वळले आणि त्यांच्या नेहमीच्या सौम्य आवाजात विचारलं, "बेनने त्यां केटला वखतथी नोकरी करो छो?"

किती दिवसांपासून नोकरी करता, बाईंकडे.

विशाखाने माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. मग ती म्हणाली, "सुरुवातीपासून."

पुढे जे जे विचारलं त्याची तिने बरोबर उत्तरं दिली. पहिला माल कधी गेला, कुठे गेला, लेबल कुठे विणलं, कोणत्या वॉर्डातल्या नर्सबाईंनी मागवलं. माझ्यापेक्षा तिलाच जास्त आठवत होतं. वकील खूश झाले. टाइप झालेलं त्यांनी गुजरातीत समजावून सांगितलं आणि तिने सही केली. तिची सही सुंदर आहे, मी पहिल्यांदाच पाहिली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, चल, कुठेतरी लोचो खाऊ. ती म्हणाली, "नको, तुम्ही व्हा पुढे. मी इथूनच भेस्तानची रिक्षा पकडते."

तुम्ही म्हणाली. वकिलासमोर लाजल्यामुळे असेल.

मनाविरुद्ध असतं तर तिने सही केली नसती. तिथेच बोलली असती. तिला कोणी बांधून नेलं नव्हतं.

१८ डिसेंबर

आली नाही.

२१ डिसेंबर

धुरपदाबाईच्या हाती तिच्याकडचं सगळं काम आलं. शिवून, धुऊन, इस्त्री करून. उरलेली मलमल घडी घालून वेगळी. निरोप काही नाही. मी विचारलं, आजारी आहे का? धुरपदाबाई म्हणाली, "नही माय, ती ते मस्त शे."

४ जानेवारी १९९७

केतकी विचारते, विशाखामावशी का दिसत नाही. म्हटलं, घरच्या अडचणी असतील. तू जाऊन बघून ये ना, म्हणाली. या मुलांना सगळं सोपं वाटतं. मी जायचं आणि तिने दारात उभं ठेवलं तर?

२६ फेब्रुवारी

नवीन दोन मुली शिवायला ठेवल्यात. हात चालतो, पण शिवण ओढली जाते. तिसऱ्यांदा माल परत आला. एक गिऱ्हाईक म्हणालं, बेन, इवलीमध्ये आता पहिल्यासारखं राहिलं नाही.

दुपारी एकटीच जेवते. भाजीत मीठ कमी की जास्त, खाताना कळत नाही.

१० एप्रिल

धुरपदाबाईकडून कळलं. विशाखा भेस्तानला घरीच शिवते, आजूबाजूच्या बायकांना हाताशी घेऊन. आणि लोक त्यालाही इवलीच म्हणतात. तिच्याकडे जुन्या लेबलांची एक गुंडाळी होती, तीच लावते.

ऐकून कानशिलं तापली. एका शब्दाने सांगू नये? मी जिच्यासाठी एवढं केलं तिने माझंच नाव लावावं? चेतनभाई परका होता. ही तर घरातली.

११ एप्रिल

जरीवालांकडे गेले. त्यांनी विचारलं, कोण? म्हटलं, तीच बाई, सही करून गेली ती. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, त्या दिवशी ती जे बोलली ते नोकराचं बोलणं नव्हतं, तेव्हाच मला शंका आली होती. बेन, अजूनही वेळ गेलेली नाही. भागीदारीचा कागद करा, नाहीतर तिला नाव वापरायची लेखी परवानगी द्या. दोन्ही रीतसर होतं.

मी विचारलं, आणि काहीच केलं नाही तर? तर ज्याला त्याला वापरू दिलं असं होईल, आणि उद्या तिसऱ्या कोणाला अडवताना जड जाईल. पण नोटीस पाठवायची तर नीट विचार करून सांगा.

फोनवर मुकुंद म्हणाले, भावनेच्या भरात जाऊ नकोस.

१४ एप्रिल

दिवसभर मिरवणुकांचे आवाज येत होते. यंदा कोणाचं बोलावणं नव्हतं.

१६ एप्रिल

नोटीस पाठवायला सांगितली. वाटलं, निदान त्यावर तरी येऊन भांडेल.

२० मे

नोटिशीला उत्तर नाही. भांडायलाही आली नाही. आज धुरपदाबाईला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती काज करता करता म्हणाली, "तिनी नाव काढी टाकं. पन गिऱ्हाईक काही गयं नही."

नाव काढलं, पण गिऱ्हाईक गेलं नाही. मग कशाच्या नावावर विकते, विचारलं. कशाच्याच नाही. लोक विशाखाताईंचं झबलं द्या म्हणतात.

मी म्हटलं, चांगलं आहे. धुरपदाबाईने वर पाहिलं नाही.

२ जुलै

धुरपदाबाई सोडून गेली. लिंबायतहून इथवर येणं झेपत नाही म्हणाली. भेस्तानही काही तिच्या दारात नाही.

१९ जानेवारी १९९८

पुष्कळ दिवसांत काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. मुकुंदना बढती मिळाली, आणखी तीन वर्षं राजकोट. त्यांनी तिथे घर भाड्याने घेतलंय, आता हॉटेलचं खावं लागत नाही. मी येऊ का विचारलं तर म्हणाले, तुझं दुकान कोण बघेल?

दुकानात आज एकही माणूस आलं नाही. म्हणजे एक आलं, पत्ता विचारायला.

३ मे १९९९

जरीवालांचा फोन. नाव जर्नलमध्ये छापून आलं. मी जाऊन पाहिलं. पानभर लोकांची नावं, बाम, बिडी, साबण, आणि त्यांत आमची, म्हणजे माझी, इवली. खाली माझं नाव, पत्ता. आता तीन महिने थांबायचं.

विचारलं, भेस्तानच्या त्या बाई हरकत घेऊ शकतात का? घेऊ शकतात म्हणाले. सही केलेली असली तरी? तरी. तिने मनात आणलं तर आपल्याला अहमदाबादला तारखा पडतील, समोरासमोर बसावं लागेल.

परतताना रिक्षात मी ते तारखांचंच मनात घोळवत होते. अहमदाबादची सकाळची गाडी. कदाचित एकाच डब्यात.

२८ जून

दोन महिने होत आले. जरीवालांना फोन करून विचारते, काही आलं का? ते म्हणतात, काळजी करू नका, काही आलेलं नाही. त्यांना वाटतं मी घाबरलेय.

४ जुलै

आज भेस्तानला गेले. तिला जर्नलची माहिती नसणार, कळवायला हवं. कायद्याने मी कळवलंच पाहिजे असं नाही. तरी.

पत्ता विचारावा लागला. पहिल्याच पानवाल्याने घर दाखवलं. पुढच्या खोलीत तीन मशीनं, भिंतीशी मलमलीचे ताके, चार-पाच बायका. धुरपदाबाई त्यांतच बसलेली. तिने डोक्यावर पदर घेतला आणि काज करत राहिली. विशाखा थोडी जाड झालीय. उठली, खुर्ची झटकली, "या मॅडम" म्हणाली. पाणी दिलं, चहा टाकला. चहात आलं होतं. मी सगळा प्यायले.

तेवढ्यात एक ओली बाळंतीण आणि तिची सासू आली. बाळाच्या अंगावर दोन झबली लावून बघितली, त्यातलं एक पसंत केलं. लेबल कुठेच नव्हतं. कोणी विचारलंही नाही.

त्या गेल्यावर मी सांगितलं. सरकारी जर्नलमध्ये आलंय, ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मुदत आहे. म्हटलं, "तू हरकत घे. सुरुवातीपासून होतीस म्हणून सांग. मी नाही म्हणणार नाही."

तिने हातातला दोरा तोडला.

"हरकत कशाला घेऊ, मॅडम? माझी हरकत कधी नव्हतीच. घरात बसून विचारलं असतंत ना, तर हसत म्हटलं असतं, लावा तुमचं नाव."

म्हणाली आणि उठून कप आत घेऊन गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत होता. दोन कपांना एवढा वेळ लागत नाही. बाहेर आली ती मला रिक्षापर्यंत पोचवायलाच. रिक्षावाल्याला माझा पत्ता तिनेच समजावून सांगितला, अठवा लाइन्स, कुठल्या गल्लीतून वळायचं ते. केतकी कशी आहे विचारलं. पुण्यात नोकरीला लागली म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला. माझं कसं चाललंय ते विचारलं नाही.

म्हणजे तिची हरकत नव्हती. मग इतकी वर्षं नेमकं काय झालं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

९ ऑगस्ट

मुदत संपली. जरीवालांनी अभिनंदन केलं. कोणी हरकत घेतली नाही, आता सर्टिफिकेट येईल. सात वर्षं नाव माझं. सात वर्षांनी पुन्हा अर्ज केला की आणखी सात.

मी विचारलं, चेतनभाईंसारखं कोणी पुन्हा हे नाव उचलेल का? ते म्हणाले, एकच गोष्ट सांभाळा. नुसतं नाव धरून बसून चालत नाही. पाच वर्षं ते मालावर लावलंच नाही तर कोणीही अर्ज करून काढायला लावू शकतं. माल बाजारात दिसला पाहिजे, थोडा का असेना.

विचारलं, थोडा म्हणजे किती? त्याला मोजमाप नाही म्हणाले. खरा वापर हवा.

१५ ऑगस्ट

केतकीचा फोन. आई, दुकान बंद कर आणि पुण्याला ये, तिथे तुझं आता आहे कोण? मी म्हटलं, येता येणार नाही, नाव चालू ठेवायचंय. कसलं नाव, म्हणाली. तिला समजावून सांगणं अवघड.

२३ ऑगस्ट

शिवायला आलेल्या मुली केव्हाच गेल्या. आज मशीन पुसलं, तेल घातलं. कपाटात थोडी मलमल होती. सकाळपासून एक झबलं शिवायला घेतलं ते दुपार टळेपर्यंत. दोनदा उसवलं. वर्गात शिकलेलं बरंचसं विसरलेय.

झालं एकदाचं. खाली जाऊन दुकानाच्या काचेत टांगून आले. गळा जरा मोठा झालाय की काय, समजत नाही. विचारायला कोणी नाही. लेबल मात्र सरळ लागलंय.